सुलभाताईंचा अंगठा

आमच्या संधिवाताच्या रुग्णांच्या बैठकीत एक रीत आहे. त्या सकाळी ज्याची बोटं चालतात, त्यानं सगळ्यांच्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून द्यायच्या. गेले सहा महिने हे काम सुलभाताईंकडे होतं. नेहमीची औषधं लागू पडेनात, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी संधिवातावर क्वचित देतात ते एक अँटिबायोटिक देऊन पाहिलं होतं, आणि त्यांची बोटं मोकळी झाली होती. तेव्हापासून आम्ही स्वतःच्या रिपोर्टपेक्षा त्यांचा अंगठाच जास्त वाचायचो. माणूस आशा कुठेही ठेवतो, दुसऱ्याच्या हातातसुद्धा.

आज मी सवयीनं माझी स्ट्रिप त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी अंगठा दाबला, पुन्हा दाबला. मग पर्समधून स्वतःची स्ट्रिप काढून माझ्या स्ट्रिपवर ठेवली.

"आज दुसऱ्या कुणाला तरी सांगा," त्या म्हणाल्या.

आम्ही अकरा जण आपापल्या हातांकडे बघत बसलो.