दुपारी एकचा सराव

मी चौदा वर्षं चालण्याच्या शर्यतीत होते. वीस किलोमीटर अंतर, एक पाय कायम जमिनीला टेकलेला, पुढचा गुडघा सरळ. बंगळूरला यशवंतपूरच्या आमच्या गल्लीतून तशी कंबर हलवत निघाले की लोक हसायचे. पुढे त्याच चालण्यावर मला खेळाडूंच्या कोट्यातून एका खात्यात नोकरी लागली. हजेरीपुरतं ऑफिसात जायचं आणि बाकी दिवसभर सराव करायचा, एवढंच काम.

खात्याच्या संघात हे अंतर चालणाऱ्या आम्ही दोघीच. दुसरी हासनकडची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी तिला अक्का म्हणायची. तिची चाल माझ्यापेक्षा स्वच्छ होती, पंचांची ताकीद तिला क्वचितच मिळे. आमचे प्रशिक्षक पन्नाशी उलटलेले. तरुणपणी ते स्वतः लांब पल्ल्याचे धावपटू होते आणि चेन्नईतल्या एका शर्यतीत दोन किलोमीटर उरले असताना उन्हानं कोसळले होते. बंगळूरची हवा खेळाडूला लाडावून ठेवते, असं ते नेहमी म्हणत.

त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धा मे महिन्यात चेन्नईतच होती. तीन आठवडे आधी सरांनी सराव पहाटेऐवजी दुपारी एकला ठेवला. रविवारी आम्ही बोम्मसंद्र्याला जायचो, कारण कारखाने बंद आणि रस्ते रिकामे असत. चार कारखान्यांच्या कुंपणाभोवती बरोबर एक किलोमीटरचा सिमेंटचा रस्ता होता. तो एप्रिल असा होता की ज्यांच्या घरात कधी साधा पंखाही लागला नव्हता अशांनीही कूलर आणले. आई म्हणाली, "ऊन डोक्यात गेलं तर मेडल गळ्यात कोण घालणार?" मी म्हटलं, सरांना कळतं. दुसऱ्या दिवसापासून ती ताकाची बाटली रोज पिशवीत ठेवायला लागली.

पहिला आठवडा डोकेदुखीत आणि मळमळण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात शरीर सरावलं. घाम लवकर सुटू लागला, छातीची धडधड कमी झाली. हे खरं आहे म्हणून लिहिते.

तिसऱ्या रविवारी बारा फेऱ्या ठरल्या होत्या. सर डोक्यावर ओला रुमाल टाकून, हातात घड्याळ घेऊन उन्हातच उभे होते. ते स्वतः कधी सावलीत बसत नसत. दर दोन फेऱ्यांनी आम्हाला पाणी मिळे. आठव्या फेरीत अक्का माझ्यापुढं तीसेक पावलं होती. तिसऱ्या वळणावर डावीकडं वळायचं, ती सरळ गेली. त्या बाजूला पेट्रोल पंप होता. बाथरूमला गेली असेल, असं मला वाटलं. माझी फेरी चांगली चालली होती. मी ती पुरी केली. सरांनी विचारलं, ती कुठं आहे? मी म्हटलं, येतेय. आणि नववी फेरी सुरू केली.

त्या फेरीत मी तिसऱ्या वळणापाशी पोचले, तेव्हा एक वॉचमन दोन्ही हात पसरून रस्त्यात उभा राहिला. कोलारकडचा, साठीचा माणूस. म्हणाला, तुमच्यासारखेच कपडे घातलेली एक बाई आमच्या गेटवर आली आहे आणि शिफ्ट सुरू झाली, आत सोडा म्हणते आहे.

अक्का गेटचे गज धरून उभी होती. चेहरा लालबुंद, घामाच्या धारा. मी हाक मारली तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं आणि अगदी अदबीनं म्हणाली, "मॅडम, माझं कार्ड आत राहिलंय." मग तिचे गुडघे दुमडले.

माझ्या ओरडण्यानं सर धावत आले. गाडी आणतो, थेट हॉस्पिटलला नेऊ, म्हणाले. वॉचमन आडवा आला. "मोदलु नीरु." आधी पाणी. वॉचमन होण्याआधी त्यानं वीस वर्षं भट्टीपाशी काढली होती आणि अशी माणसं पडताना पाहिली होती. गेटच्या आत कामगारांच्या हात धुण्याचा सिमेंटचा हौद होता. आम्ही तिघांनी तिला उचलून त्यात गळ्यापर्यंत बुडवलं. त्यानं तिचं डोकं धरलं, वरून नळी सोडली आणि मला पाणी ढवळत राहायला सांगितलं. सरांनी ॲम्ब्युलन्सला फोन केला. ती यायला बराच वेळ लागला. तोवर अक्कानं मला नावानं हाक मारली होती.

डॉक्टर म्हणाले, पाण्यात घातलं म्हणून वाचली. लिव्हरला मार बसला होता. ती सहा दिवस हॉस्पिटलमध्ये होती आणि सहाही दिवस सर बाहेरच्या बाकावर बसून होते. दुसऱ्या दिवशी ते मला एवढंच म्हणाले, "चेन्नईत झालं असतं तर तिथं तो वॉचमन नसता." हा त्यांचा बचाव होता की भीती, हे मला तेव्हा कळलं नाही. अजूनही कळत नाही.

चेन्नईला मी एकटी गेले. शर्यत सकाळी होती, तरी अर्ध्या अंतरानंतर हवा तोंडावर ओलं फडकं दाबल्यासारखी झाली. माझ्याहून वेगवान दोघींनी शर्यत सोडली. मी तिसरी आले. राष्ट्रीय स्पर्धेतलं माझं ते एकमेव पदक, बढतीही त्यावरच मिळाली. दुपारचा सराव केला नसता तर मीही शर्यत सोडली असती, याबद्दल मला फारशी शंका नाही. खात्याच्या चौकशीत मला विचारलं, सरांनी जबरदस्ती केली का? मी नाही म्हटलं. नववी फेरी कशी सुरू केली, हे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

सरांनी दुपारचा सराव आपणहून बंद केला आणि दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. अक्कानं वर्षभर प्रयत्न केला, पण सकाळी नऊचं ऊनही तिला सोसेना. तिनं खेळ सोडला आणि इंदिरानगरच्या ऑफिसात टेबलावरचं काम घेतलं.

आता मी चालणाऱ्या मुलींना शिकवते. स्पर्धा कुठं आणि कधी घ्यायची हे आमच्या हातात नसतं, म्हणून उन्हाची सवय मीही त्यांना लावते. पण जोराचा सराव पहाटेच. उन्हात फक्त हलकं चालणं, पहिल्या दिवशी अर्धा तास, मग स्वल्प स्वल्प वाढवत. कुणी एकटं नाही, कुणी नजरेआड नाही, बर्फाच्या पाण्याचा टब आधी भरलेला. पालक विचारतात, मुळात उन्हात न्यायचंच कशाला? मी त्यांना चेन्नईबद्दल सांगते आणि बोम्मसंद्र्याबद्दलही.

मागच्या वर्षी अक्काच्या घरी गेले होते. जेवण झाल्यावर मी तिला त्या नवव्या फेरीबद्दल सांगितलं. मग तिनं सांगितलं की आदल्या संध्याकाळपासून तिला ताप होता. गोळी घेऊन ती आली होती. निवड हातची जाईल म्हणून कुणाला बोलली नव्हती.

मी विचारलं, "सरावाआधी सरांनी विचारलं असतं, तर सांगितलं असतंस?"

"नाही," ती म्हणाली. "तू सांगितलं असतंस?"

मीही नाही म्हटलं. तिनं "सरी", बरं, म्हणून मान हलवली आणि कॉफी करायला उठली.

तेव्हापासून मी मुलींच्या शब्दावर राहत नाही. सरावाआधी प्रत्येकीचा ताप बघते, वजन करते. गेल्या आठवड्यात एकीचा पारा जरासा वर दिसला. ती म्हणाली, ऑटोत ऊन लागत होतं म्हणून असेल. मी तिला घरी पाठवलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आली, न सांगता थर्मामीटर जिभेखाली धरला आणि दुसरीकडं बघत उभी राहिली.