तिच्या मापाची काडतुसं

टेक्सासमधल्या आमच्या गल्लीत हरणाच्या शिकारीचा नाद लागलेले मराठी आम्ही दोघंच, मी आणि अरविंद. माझी रायफल त्याच्या रायफलीच्या चौपट महाग. तरी चांदमारीला त्याच्या पाच गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जातील अशा बसतात आणि माझ्या कागदभर फिरतात. कारण तो काडतुसं घरी स्वतः भरतो.

काल त्याच्या गॅरेजमध्ये बसलो होतो. चिमटीने दारूचे दाणे तराजूत सोडताना तो श्वाससुद्धा जपून घेत होता. माझा नुसता जळफळाट. शेवटी लाज सोडून म्हणालो, "पाच मला दे ना."

"अरे, तुझ्या बंदुकीत नाही जमायची ती. दोन वर्षं हिचा स्वभाव बघत बघत हे माप सापडलंय. हिला काय मानवतं, ते मला माहीत." त्याने त्या ओरखडे पडलेल्या स्वस्त रायफलीवरून फडकं फिरवलं.

कुणाला इतकं ओळखायचं म्हणजे त्याच्यापाशी किती बसावं लागत असेल!

घरी बायकोने चहा दिला. दहा वर्षं मी बिनसाखरेचा पितो. हा गोड होता. तसाच प्यायलो. आयुष्यात पहिल्यांदाच मला एका बंदुकीचा हेवा वाटत होता.