प्रभाअक्कांचं लाल दिव्यांचं घर

प्रभाअक्का कुणाकडे गेल्या की चहाआधी स्वयंपाकघरात शिरत आणि बाटल्या-डबे हुंगत सुटत. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा दिसला, की पर्समधला खिळा काढून दगडाने तिथल्या तिथे भोक पाडत. "मी गेल्यावर तुम्ही यात काय भराल, याचा मला भरवसा नाही," असं तोंडावर सांगत. धुळ्याला आमच्या शेजारी राहायच्या, शाळेत विज्ञान शिकवायच्या. गल्ली त्यांना वचकून असे. मला मात्र त्या फार आवडायच्या.

नव्वद सालच्या सुमारास त्यांनी प्लायवूडचं एक घर केलं. चूल, फडताळ, गोठा, सगळं रंगवलेलं. चित्राखालचं बटण दाबायचं. वस्तू विषारी असेल तर लाल दिवा लागे. ते घेऊन आम्ही दोंडाईच्याच्या बाजारात बसलो. बटणं दाबायला ही झुंबड! अक्का खुशीत होत्या.

"आमना फवारणीना डबा ते हिरवा शे, अक्का," रखमाबाई नावाची एक बाई हसत म्हणाली. "तुमना चित्रमा लाल शे. आमनाले दिवा कसाले लागी?"

"त्यात काय ठेवता?"

"गोडं तेल. राखवरी धुयेल शे. आज पोरले देखाले पाव्हना येल शेतस, सून भजा तळी ऱ्हायनी."

अक्कांचा चेहरा पांढराफटक पडला. घर तिथेच टाकून त्यांनी रखमाबाईला रिक्षात कोंबलं, मागे मी. रस्ताभर एकच घोकणं: "पहिला घाणा निघाला असेल का हो?"

घाणा निघाला होता. ताटल्या ओसरीवर चालल्या होत्या. अक्कांनी त्या सुनेच्या हातातून हिसकावल्या. मुलीचा बाप खवळला, "पाव्हनासमोर आमनी अब्रू काढी!"

अक्का पाहुण्यांपुढे हात जोडून म्हणाल्या, "चूक माझी. मी डबा लालच रंगवला."

पुढच्या बाजारी घरातली चित्रं गेली. लोकांनी आपापला डबा आणायचा, जेवणाच्या फळीवर ठेवायचा की विषाच्या, ते स्वतः ठरवायचं. चुकलं की अक्का दिवा लावत. तरी घरी परतताना विचारत, "आज कुणाचा राहिला असेल?"

अक्का गेल्या तेव्हा रखमाबाई आली. माझ्याकडे बसून खूप रडली. उठताना तिची नजर जिन्याखाली गेली. तिथे आमचा फवारणीच्या औषधाचा एक डबा होता, रिकामा, पण धड. पदराने डोळे पुसत तिने विचारलं, "भाऊ, खिळा शे का घरमा?"