न मरणाऱ्याचं लाकूड

कोसबाडच्या टेकडीखाली अण्णांची चिकूची वाडी आहे. डहाणूच्या बाजारात तिथल्या चिकूचं नाव निघतं. पण अण्णांनी स्वतः चिकू तोंडात घालून आठेक वर्षं झाली. साखर माणसाला म्हातारं करते, असं मोबाईलवर कोणा गोऱ्या माणसानं सांगितलं, आणि तेव्हापासून हा गृहस्थ स्वतःच्याच झाडांखालून तोंड फिरवून जाऊ लागला.

त्यांची बायको नर्मदा हे सगळं बघत आली होती. सकाळी दुधीचा रस, दुपारी बिनमिठाच्या उकडलेल्या भाज्या, संध्याकाळी दिवे लागायच्या आत झोप. केसांना कलप, तोंडाला लेप, मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ. सुकट घरात आणायची नाही, तिच्या वासानं म्हणे फुप्फुसं थकतात. पाहुणा आला तर ओटीवरूनच परत, कारण पाहुण्याला खोकला असतो. एवढं जपून मिळवलेल्या आयुष्याचं अण्णा करत काय होते? तर ते जपत होते. मुलगा जतीन पन्नाशीला टेकला, तरी फवारणी कधी करायची ते बापाला विचारून. वाडी त्याच्या हाती द्या म्हटलं की अण्णा म्हणत, "घाई काय आहे? मी कुठे चाललोय?"

त्यात त्यांनी मयतीला जाणंही सोडलं. मित्र गेला, चुलतभाऊ गेला, अण्णा खिडकी लावून घरात. "तिथली हवा चांगली नसते," म्हणायचे. नर्मदेला आधी त्यांची लाज वाटायची, पुढे पुढे किळस वाटू लागली.

गणपतीत नात रिया मुंबईहून आली. जेवताना तिनं एक खेळ काढला. "दोन गोळ्या आहेत. एक घेतली की कधी म्हातारं व्हायचं नाही, मरायचं नाही. दुसरी घेतली की आयुष्य कमी, पण मनासारखं. कुठली घ्याल?"

"पहिली," अण्णा म्हणाले. तिचं वाक्य पुरतं संपलंसुद्धा नव्हतं.

"आणि बाकीचे?" नर्मदेनं विचारलं.

"बाकीचे आपापल्या वेळेला जाणार, आजी."

"जातील," अण्णा दुधी चावत म्हणाले. "त्याला कोण काय करणार?"

जन्मभर या माणसाचं ताट वाढलं, आणि यानं एका घासासरशी आपल्याला बाकीच्यांत काढलं, हे नर्मदेच्या फार जिव्हारी लागलं. अण्णांना मात्र आपल्या उत्तराचं भारी कौतुक. कुंपणाआडून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले, "आपण बाबा कायमचे राहणार." लोक हसले. लोकांनी ते लक्षातही ठेवलं.

दिवाळीच्या आधी बायजी गेली. शेजारच्या वाडीतली ही बायजी म्हणजे नर्मदेची, लग्न होऊन आली तेव्हापासूनची मैत्रीण. अलीकडे दोघींचं बोलणं कुंपणावरूनच व्हायचं, कारण बायजीला दमा आणि अण्णांना भीती. बायजीनं शेवटची करून दिलेली सुकटीची चटणीसुद्धा नर्मदेला तिथेच उभं राहून खावी लागली होती.

या गावात कोणी गेलं की चितेसाठी घरटी एक लाकूड मयताच्या अंगणात जातं. आज आम्ही तुमच्याकडे आणायचं, उद्या तुम्ही आमच्याकडे. अण्णा स्वतः जात नसत, पण लाकूड पाठवत. तेवढी लाज अजून शिल्लक होती. वाडीत कामाला असलेल्या लक्ष्याच्या खांद्यावर त्यांनी आंब्याचं एक जाडजूड लाकूड दिलं. थोड्या वेळानं लक्ष्या लाकडासकट परत आला.

"घेत नाय," तो म्हणाला. "बायजीचा पोरगा नविन बोलला, लाकूड फेडायचं असतं. अण्णा तर मरणारच नाय. मग आम्ही फेडायचं कधी?"

नर्मदा उंबऱ्यात उभी होती ती तिथेच राहिली. गावानं शिवी दिली नव्हती, भांडण काढलं नव्हतं. फक्त म्हाताऱ्याचा शब्द खरा धरला होता, आणि त्याच्यापायी तीही न मरणाऱ्यांत गेली होती. उद्या तिच्यासाठी या अंगणात एक काटकीही येणार नव्हती.

अण्णांचा चेहरा उलट उजळला. "बरं झालं. बंबाला होईल."

नर्मदेनं पदर खोचला आणि डोक्यावर चुंबळ ठेवली. तिच्या हृदयाची झडप खराब होती. बादलीसुद्धा उचलायची नाही, जपलंत तर पुष्कळ वर्षं काढाल, नाहीतर सांगता येत नाही, असं वापीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

"बाय, मी नेतो," लक्ष्या म्हणाला.

"तू नेलंस तर ते यांचंच राहतं. नुसतं डोक्यावर दे."

खिडकीतून अण्णा ओरडले, "अगं, डॉक्टर काय म्हणाले विसरलीस? आणि तिकडनं आलीस की आठ दिवस पडवीत राहायचं हां."

"तुम्ही जगा," नर्मदा म्हणाली. "तुम्हाला दुसरं येतंय काय?"

कुंपणाला वळसा घालून जाईपर्यंत ती दोनदा थांबली. छातीत कळ येत होती, ओठ कोरडे पडले होते. बायजीच्या अंगणात बसलेल्या बायका तिला बघून उठल्या. नविन पुढे आला आणि ओशाळला.

"काकी, अण्णांचं लाकूड नको म्हणून सांगितलं होतं ना मी."

"अण्णांचं नाही हे," ती धापा टाकत म्हणाली. "माझं आहे. मी मरणार आहे."

नविननं दोन्ही हातांनी ते तिच्या डोक्यावरून उतरवून घेतलं.