तापातला बाप्तिस्मा

आम्हाला मूल का नव्हतं, हे पुण्याच्या डॉक्टरांनी एकदाच सांगितलं, आणि ते माझ्याकडे बघून सांगितलं. पत्नीनं त्यावर पुढे कधी एक शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. मी तेव्हा दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर होतो. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघंच. रविवारी चर्चमध्ये मिस्सा, रोज संध्याकाळी जपमाळ, आणि जेवायला समोरासमोर दोन ताटं.

मुलगी आली ती दुष्काळाच्या वर्षी. माझी मेहुणी शिरूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. केंदूरची एक बाई तिथं बाळंतपणात गेली. नवरा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचा. घरात दुसरं बाईमाणूस नाही, आणि त्या उन्हात खडीच्या ढिगाशेजारी तान्हं मूल जगलं नसतं. मेहुणीचा निरोप आला तशी आम्ही एसटीनं शिरूर गाठलं.

तो माणूस दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. बौद्ध होता. पत्नीच्या गळ्यातला क्रूस त्यानं आधी पाहिला, मग तिचं तोंड. पोरगी न्या, आपली म्हणून वाढवा, एवढं बोलून तो जायला उठला. मग म्हणाला, "बाई, बाप्तिस्मा तेवढा देऊ नका. आम्ही एकदा धर्म बदलला, तो आमच्या मनानं. तिला कळाया लागलं म्हंजी तिचं ती बघंल."

पत्नी हो म्हणाली. त्या क्षणी तिनं कशालाही हो म्हटलं असतं. बाळ तिच्या मांडीवर होतं.

पुढे एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की ख्रिस्ती माणसाला मूल दत्तक घ्यायची कायद्यात सोयच नाही. कोर्ट फार तर पालक म्हणून नेमील, आई-बाप म्हणून नाही. पत्नी घरी येऊन म्हणाली, मग कोर्टाला विचारायचं तरी कशाला? तिथंच तो विषय संपला. घरात मात्र ती आई होती. मुलीच्या केसांत उवा झाल्या तर दुपारभर मांडीवर डोकं घेऊन बसायची. पोर दूध पीत नाही म्हणून स्वतः चहा सोडला होता, देवाशी काहीतरी सौदा केल्यासारखा.

बाप वर्षातून एकदा यायचा. कधी हरभऱ्याचे डहाळे, कधी भुईमुगाच्या शेंगा घेऊन. मुलगी त्याला केंदूरचे बाबा म्हणायची आणि मला पप्पा. त्यानं दुसरं लग्न केलं, पाटबंधारे खात्यात नोकरीला लागला, तरी पोर परत मागितली नाही. उलट एकदा निघताना मला म्हणाला की इथं तिचं बरं चाललंय, आता मी काय मधी येत न्हाई.

आम्हीही शब्द पाळला. फादरांनी सांगितलंच होतं, बापाची परवानगी नाही तर बाप्तिस्मा नाही. पत्नी रविवारी पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या, मुलांना धर्मशिक्षण शिकवायची. आमची मुलगी मागच्या बाकावर बसून सगळं ऐकायची. इतरांच्या आधी तिला उत्तरं यायची, पण पुढच्या बाकावर जायची तिला सोय नव्हती. शेजारच्या गार्डाच्या बायकोनं एकदा तोंडावर विचारलं, "पोर तुम्ही सांभाळायची आणि आत्मा केंदूरला ठेवायचा, अशी कशी हो वाटणी?" पत्नी हसली. पण त्या दिवसापासून ती मुलीला झोपताना जरा जास्तच वेळ बघत बसायची.

मग एका मे महिन्यात मुलीला गोवर निघाला. मी ड्यूटीवर होतो. दुपारी ताप चढला आणि झटके आले, डोळे वर गेले. शेजारीण डॉक्टरांना आणायला पळाली. घरात पत्नी एकटी. मरत्या माणसाला कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, फादर नसले तरी चालतं, साधं पाणी चालतं. हे ती दर वर्षी मुलांकडून पाठ करून घ्यायची. तिनं माठातून तांब्या भरला, मुलीच्या डोक्यावर धार धरली आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं ते शब्द म्हटले.

मी आलो तेव्हा ताप उतरला होता. मुलगी उशीला टेकून पेज खात होती. पत्नी चुलीकडे तोंड करून म्हणाली, "मी दिला." काय दिला ते मला विचारावं लागलं नाही.

फादर म्हणाले, बाप्तिस्मा झाला तो झाला, तो पुसता येत नाही. आईचा जीव होता, देव समजून घेईल. शब्द मोडला ते त्या माणसाला सांगायचं का, हे तुमचं तुम्ही ठरवा. पत्नीला सांगायचं नव्हतं. मी मात्र धरून बसलो. त्यानं आपल्यावर विश्वास टाकला, आपण ख्रिस्ती माणसं, असं त्याच्या तोंडाकडे बघून शेंगा कशा खायच्या? मी हे रोज कुठल्या ना कुठल्या रूपात बोलत होतो. त्यात खरेपणा किती होता आणि माझ्याच्यानं ओझं वाहवत नव्हतं हे किती, याचा निवाडा मला आजही करता येत नाही. शेवटी ती म्हणाली, बरं, सांगते.

तो दिवाळीनंतर आला. पत्नीनं त्याला पाणी दिलं, चहा दिला आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो ओरडेल. तो ओरडला नाही. कपबशी त्यानं हळूच खाली ठेवली.

"पोर मरत हुती म्हंता. मग मला का न्हाई बोलावलं?"

"वेळ नव्हता, भाऊ."

"मे महिन्यात वेळ नव्हता. आन् तवापासून?"

मी मध्ये पडून काहीतरी बोललो, हेतू वाईट नव्हता वगैरे. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बाई, माझ्या बापाला गावानं पाण्याला शिवू दिलं न्हाई. कुणी त्याला इचारलं न्हाई, तुला काय वाटतं म्हणून. तुम्ही पाणी घातलं. इचारलं तुम्हीबी न्हाई."

त्यानं मुलीला त्याच दिवशी नेलं. पत्नीनं एवढंच विनवलं की शाळेचं वर्ष होऊ द्या. तो म्हणाला, केंदूरलाबी शाळा हाय. मुलीला वाटलं, चार दिवस पाहुणी म्हणून जायचंय. एसटीत खिडकीची जागा मिळेल का, एवढीच तिला काळजी. निघण्याआधी पत्नीनं तिच्या फ्रॉकच्या खिशात हात घालून जपमाळ काढून घेतली. तिकडं बोलणी खावी लागतील, म्हणाली.

वर्ष-दीड वर्षानं, फार निरोप धाडल्यावर, एकदा भेटायची परवानगी मिळाली. आम्ही शिरूरला गाडी बदलून केंदूरला गेलो. सावत्र आई वाईट नव्हती. तिनं भाकरी-पिठलं केलं, आग्रह केला. मुलगी उंच झाली होती, अंगानं सुकली होती. दोन वेण्या घट्ट बांधलेल्या. ती पत्नीच्या जवळ आली नाही, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. बाप तिथंच बसला होता.

मग तिनंच विचारलं. कदाचित ते विचारण्यासाठीच थांबली होती. "मला पोरी म्हंत्यात, तू ना हिकडची ना तिकडची. तुझ्यावर पाणी पडलंय. आई, काय झालंय मला?"

तिच्या तोंडून ‘आई’ निघालं तेव्हा बापाची मान खाली गेली, ते मी पाहिलं. बाप्तिस्म्याची खूण आत्म्यावर कायमची उमटते, हे पत्नीनं किती मुलांना शिकवलं होतं. ती उठली, मुलीपुढे बसली, आणि अगदी घरातल्या आवाजात म्हणाली, "काही झालेलं नाही, बाळा. तुला ताप होता. ताप उतरावा म्हणून मी डोक्यावर पाणी घातलं होतं. तू तुझ्या बाबांची."

मुलीनं बापाकडे पाहिलं. तो म्हणाला, "ऐकलंस ना? जा, खेळ जा." ती गेली. तिच्या चालण्यात काहीतरी सुटल्यासारखं झालं होतं. निरोप घ्यायला ती पुन्हा आली नाही.

परतीच्या गाडीत पत्नी म्हणाली की आता मी नाकारलंय. कोणाला, देवाला की पोरीला, ते तिनं सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी ती कन्फेशनला, फादरांपुढे पाप कबूल करायला गेली आणि लवकर बाहेर आली. घरी येऊन मला म्हणाली, फादर म्हणतात, खोटं बोलल्याचा पश्चात्ताप व्हायला हवा, तरच क्षमा, आणि क्षमेशिवाय कम्युनियन नाही. तो मला होत नाही. पुन्हा विचारलं तर पुन्हा हेच सांगेन.

माझंही तेच, पण उलट्या बाजूनं. मी प्रत्येक कन्फेशनला सांगतो की मी पत्नीला त्या माणसापुढे खरं बोलायला लावलं. फादर बदलले, उत्तर बदललं नाही: बाळा, खरं बोलणं हे पाप नव्हे, दुसरं काही असेल तर सांग. ज्याला ते पापच म्हणत नाहीत त्याची क्षमा मागायची कुणाकडे?

ती दर रविवारी माझ्याबरोबर मिस्सेला येते. कम्युनियनला माणसं उठली की बाकावर बसून राहते आणि मला जायला वाट मिळावी म्हणून गुडघे एका बाजूला वळवते. मी जातो. जिभेवर ख्रिस्तप्रसाद घेऊन परत येतो, तिच्या गुडघ्यांवरून पलीकडे होतो, आणि तिच्या शेजारी गुडघे टेकतो.