वहिनींनी न घेतलेली भाकर

वहिनी अंथरुणाला खिळल्या तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका म्हणायच्या, यांचा विश्वासच कच्चा, म्हणून अकरा वर्षं प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेत नाहीत. त्या का घेत नाहीत ते मला ठाऊक होतं. मीच त्यांना तसं करून ठेवलं होतं.

माझ्या थोरल्या भावाचं नळदुर्गला हमरस्त्यालगत पंक्चरचं दुकान होतं. त्याला फेफरं यायचं. ट्रकचं चाक खोलता खोलता तो आडवा व्हायचा आणि वहिनी घरातून धावत जाऊन त्याचं डोकं मांडीवर घ्यायच्या. वहिनी लग्नाच्या वेळी बाप्तिस्मा घेऊन आमच्यात आलेल्या. शाळा चौथीपर्यंत, पण जिभेला धार. मी शिक्षक, शिवाय मंडळीचा पंच. एकदा नाताळच्या जेवणात त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "भावजींची प्रार्थना देवाला कमी, माईकला जास्त." पंगत हसली. मंडळीचे धर्मगुरू, आमचे पाळकसुद्धा हसले. ते मी मनात ठेवलं.

पुढं बाहेरगावचा एक प्रचारक आला. प्रार्थनासभेसाठी मांडव घातला. त्यानं भावाच्या डोक्यावर हात ठेवला, मोठ्यानं पवित्र आत्म्याला बोलावलं, आणि भाऊ कोसळून हातपाय झाडू लागला. तोंडाला फेस आला. लोक हालेलूया म्हणत होते. वहिनी उठल्या, पुढं जाऊन प्रचारकाचा हात झटकला आणि म्हणाल्या, "ही भानामती हाय. देवाचं काम असं नसतंय."

त्या दिवसानंतर आठ महिने भावाला फेफरं आलं नाही. देवळात उभं राहून देवाच्या करणीची साक्ष देताना प्रत्येक जण त्याचं उदाहरण सांगू लागला. वहिनी मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेल्या. एका दुपारी मी त्यांच्याकडं गेलो तेव्हा त्या सुपात तूर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भावजी, तुमी शिकलेले. म्या बोलले त्याला माफी हाय का न्हाय, शास्तरात बघून सांगा."

मला पान शोधावं लागलं नाही. येशू भुतं काढत होता तेव्हा शास्त्री लोक म्हणाले, हा सैतानाच्या जोरावर काढतो. तेव्हा त्यानं सांगितलं की माणसाचं दुसरं कुठलंही पाप पुसलं जाईल, पण पवित्र आत्म्याच्या निंदेला क्षमा नाही, इथं नाही आणि पुढंही नाही. मी ओळीखाली बोट धरून सावकाश वाचलं. शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. वहिनींचा हात सुपात थांबला.

"म्हंजे न्हायच?"

"न्हायच, वैनी. लिहिलंय ते सांगितलं."

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

पुढच्या महिन्यापासून वहिनी देवळात दाराजवळ बसू लागल्या. प्रभुभोजनाचं ताट मीच फिरवायचो. ते त्यांच्यापाशी आलं की त्या हातावर पदर घ्यायच्या, बोट लागू न देता ताट धरायच्या आणि शेजारणीकडं सरकवायच्या.

दोनेक महिन्यांनी शाळेच्या प्रशिक्षणासाठी धाराशिवला गेलो होतो. तिथं एका निवृत्त पाळकांना भेटलो. कुणा परक्या बाईची गोष्ट सांगावी तशी ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले की त्या शास्त्र्यांनी देवाचं काम डोळ्यांनी पाहिलं होतं, मनात ओळखलंही होतं, आणि तरी स्वतःचा मान जाऊ नये म्हणून त्याला सैतानाचं म्हटलं. जाणूनबुजून मिटलेलं मन, ते हे पाप. नवरा तडफडताना पाहून घाबरलेली बायको बोलली, त्याच्याशी याचा काय संबंध? मग माझ्याकडं नीट बघून म्हणाले, "ज्याला त्या पापाची धास्ती वाटते, त्यानं ते केलेलंच नसतं. आजच्या आज जाऊन त्या बाईला सांग."

मी सांगायचं ठरवूनच एसटीत बसलो. थेट भावाच्या घरी पोचलो तर वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आल्या. टोमणा नाही, हसणं नाही. खाली बघत म्हणाल्या, लेकरांसाठी तेवढी प्रार्थना करा, माझी पोचत नसंल. आयुष्यात पहिल्यांदा त्या मला मान देत होत्या. मी प्रार्थना केली. चांगली लांबलचक केली. बाकी काही सांगितलं नाही.

नवव्या महिन्यात भावाचं फेफरं परत सुरू झालं. वहिनींनी विचारलं, "माझ्यामुळंच ना?" मी म्हणालो, देवाला ठाऊक. याहून साधं उत्तर माझ्याजवळ तयार होतं. धाराशिवच्या पाळकांचं बोलणं मी विसरलो नव्हतो, एक दिवसही नाही. घरात कुणीतरी आपल्याला भिऊन राहतं याची माणसाला चटक लागते.

अकरा वर्षांनी वहिनींची मूत्रपिंडं निकामी झाली. सोलापूरच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. नवे तरुण पाळक म्हणाले, उद्या घरीच प्रभुभोजन देऊ. त्या दिवशी दुपारी मी वहिनींच्या खाटेपाशी बसलो आणि सगळं सांगितलं. शेवटचं वाक्य दोनदा का वाचलं, ते. धाराशिवचे पाळक काय म्हणाले, ते. तांब्या पुढं केला तेव्हा मी गप्प का राहिलो, तेसुद्धा.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग सुजलेला हात माझ्या हातावर ठेवला.

"माझी समजूत काढाया कायबी रचू नका, भावजी. इतकं वंगाळ माणूस असतंय व्हय? तुमी तसले न्हाय."

मी शपथ घेतली. त्या म्हणाल्या, माझ्यापायी खोटी शपथ घेऊन तुमचा आत्मा नासवू नका. त्या रात्री मी जेवलो नाही, खाटेपाशीच बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी पाळक आले. मी त्यांना बाहेर अडवून सगळं सांगितलं. त्यांनीही वहिनींना समजावलं, तुम्हाला क्षमा आहे, घ्या. वहिनी पाळकांना म्हणाल्या, भावजींनी तुमालाबी शिकवून आणलेलं दिसतंय. भाकरीचा तुकडा ओठापर्यंत आला तेव्हा त्यांनी तोंड मिटून भिंतीकडं वळवलं.

"भावजींना द्या," त्या म्हणाल्या. "कालपास्नं उपाशी बसलेत माझ्यासाठी."

पाळकांनी तुकडा माझ्यापुढं धरला. वहिनी मान वळवून बघत होत्या, मी घेतो का ते. मी घेतला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत खाल्ला.