सगळं कानावर ढकललं
वडिलांना, म्हणजे अण्णांना, कमी ऐकू येतं हे आमच्या घरात नवीन नव्हतं. पिशोरची शेती धाकट्या भावावर सोडून ते शहरात आले आणि वाळूजच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं प्रेसवर उभे राहिले. पत्रा दाबणाऱ्या त्या मशीनचा दणका दिवसभर कानावर. निवृत्त झाले तेव्हा त्यांना दाराची बेलही ऐकू येत नव्हती.

कानाच्या डॉक्टरांनी यंत्र लावायला सांगितलं. अण्णांनी ते आठ-दहा दिवस लावलं. ताटली ठेवली तरी डोक्यात घण बसतो म्हणाले आणि कपाटात टाकून दिलं. सवय व्हायला दोन-तीन महिने लागतात, हे डॉक्टरांनी मला बजावलं होतं. मी आग्रह धरला नाही. आई तोवर गेली होती, मला नोकरी होती, आणि खरं सांगायचं तर ऐकू न येणाऱ्या माणसाशी फार बोलावं लागत नाही, हे माझ्या अंगवळणी पडलं होतं. जेवलात का, गोळी घेतली का, एवढंच मी मोठ्यानं विचारायची.

मग अण्णा संथ झाले. हाक मारली तर वळायला वेळ लागायचा. चेहरा कोरा असायचा. मी म्हणायची, ऐकू आलं नसेल. कान गेलेला माणूस मोठ्यानं बोलतो, अण्णाही बोलायचे. आता मात्र त्यांचा आवाज उतरत चालला होता. सही इतकी बारीक झाली होती की बँकेनं जुळत नाही म्हणून अर्ज परत केला. मी चष्म्याचा नंबर बदलून आणला.

एका रविवारी दुपारी मी दूध तापत ठेवलं आणि अण्णांच्या कानाशी जाऊन सांगितलं की वर आलं की गॅस बंद करा. मी गच्चीवर कपडे काढायला गेले. खाली आले तर दूध उतू जाऊन बर्नर विझलेला आणि घरभर गॅसचा वास. अण्णा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन तसेच अर्धवट वाकलेले. बटण बंद करून, खिडक्या उघडून मी त्यांच्यावर ओरडले. मी सांगितलेलं ऐकलं नव्हतं का, असं विचारलं.

"ऐकलं व्हतं," ते हळू म्हणाले. "दिसतबी व्हतं. कवाचा उठतोय, पण पाय उठंनात."

मी त्यांना धरून उभं केलं. त्यांचं सगळं अंग लाकडासारखं ताठ होतं.

मेंदूच्या डॉक्टरांनी त्यांना बोटं उघडमीट करायला लावली, चालायला लावलं. प्रत्येक सूचना मला कानाशी ओरडून सांगावी लागत होती. पार्किन्सन, डॉक्टर म्हणाले, आणि दोन-तीन वर्षांपासून असावा. मी कानाबद्दल विचारलं. अशा बऱ्याच पेशंटचं ऐकणंही कमी झालेलं दिसतं, ते म्हणाले; पण एकामुळं दुसरं होतं का, हे अजून कुणी ठामपणे सांगत नाही.

"तेव्हाच यंत्र लावलं असतं तर?"

"ते मला सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "एवढं खरं, की आजार लवकर लक्षात आला असता. आता तरी लावा."

पण आता बोटं थरथरत होती. यंत्राचा हरभऱ्याच्या दाण्याएवढा सेल त्यांना धरता येत नव्हता. मग रोज सकाळी मीच ते यंत्र त्यांच्या कानात बसवू लागले. या वेळी त्यांनी तक्रार केली नाही. त्यांना पुन्हा ऐकू यायला लागलं आणि त्याच वर्षात त्यांचं बोलणं जवळजवळ संपलं.

दिवाळीनंतर पिशोरहून काका-काकू भेटायला आले. अण्णा समोर पलंगावर बसलेले. काका माझ्याशी नेहमीच्या आवाजात बोलत होते, बहिऱ्या माणसासमोर बोलतात तसे. पोरी, लई हाल आहेत तुझे, म्हणाले. अण्णांच्या कानात यंत्र आहे, असं मी हाताने खुणावलं, पण काकांचं लक्ष नव्हतं.

"आता काय राह्यलंय त्याच्यात," काका म्हणाले. "देवानं लवकर सोडवावं."

अण्णांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. तो आता हलतच नव्हता. काका निघताना अण्णांनी हात जोडले, सावकाश, दोन्ही हात जुळेपर्यंत काका दारात थांबले.

ते गेल्यावर अण्णांचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"काढ हे," ते म्हणाले.

मी यंत्र काढलं. दुसऱ्या दिवशी लावायला गेले तर त्यांनी मान फिरवली. मी त्यांची समजूत घालायला हवी होती. पण काय सांगून घालणार? काका खोटं बोलले होते, हे मलाच म्हणवेना.

पुढच्या उन्हाळ्यात घास श्वासनलिकेत अडकून त्यांना न्यूमोनिया झाला. शेवटचे सहा दिवस त्यांनी दवाखान्यात काढले. त्या दिवसांत ते मला काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते. 'पाणी' एवढंच कळलं. बाकीच्याला मी मान डोलवत राहिले आणि ते माझ्याकडं बघत राहिले.